नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी दहा शनिवार: ग्रंथालयातील एका मोफत वर्गाविषयी

न्यू जर्सीतील एका सार्वजनिक ग्रंथालयात अमेरिकेच्या नागरिकत्व परीक्षेच्या तयारीचा मोफत वर्ग चालतो. यंदा जानेवारी ते मार्च या काळात सलग दहा शनिवार, प्रत्येकी दोन तास, मी आणि माझ्या सासूबाई या वर्गाला जात होतो. शाळेतून निवृत्त झालेल्या नागरिकशास्त्राच्या एक शिक्षिका हा वर्ग स्वयंसेवक म्हणून घेतात आणि वर्गात साधारण वीस जण असतात. ग्रंथालयाचे किंवा शिक्षिकेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि ज्यांनी स्वतःचे शनिवार आम्हाला विनामूल्य दिले, त्यांच्या नावावर त्या नोंदवणे मला योग्य वाटत नाही. परंतु असे वर्ग अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांत चालतात आणि आपल्यापैकी पुष्कळ जण त्यांना जावे की घरीच पुस्तिका पाठ करावी, या विचारात असतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी परीक्षेचे स्वरूप सांगते, कारण त्यावाचून वर्गाचे मोल ठरवता येणार नाही. नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे एन-४०० भरल्यानंतर जी मुलाखत होते, तिच्यात इंग्रजीचे वाचन, लेखन, संभाषण आणि नागरिकशास्त्र अशी तपासणी असते. नागरिकशास्त्राची जुनी परीक्षा १०० प्रश्नांच्या यादीवर आधारलेली आहे. अधिकारी त्यांतील जास्तीत जास्त १० प्रश्न विचारतो आणि ६ उत्तरे बरोबर यावी लागतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना मात्र नवी परीक्षा लागू झाली आहे. तिची यादी १२८ प्रश्नांची आहे, विचारले जाणारे प्रश्न जास्तीत जास्त २० आहेत आणि उत्तीर्ण होण्यासाठी १२ उत्तरे बरोबर लागतात. माझा अर्ज सप्टेंबरमध्ये गेला होता आणि सासूबाईंचा नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर, दोन वेगवेगळ्या परीक्षांचा अभ्यास चालला होता.

या वर्गाची मोठी जमेची बाजू म्हणजे शिक्षिका प्रश्नाचे उत्तर सांगून थांबत नाहीत. त्या उत्तरामागे उभा असलेला माणूस दाखवतात. यादीतील बहुतेक प्रश्न एका ओळीचे आहेत आणि त्यांची उत्तरेही एका ओळीची आहेत. ती पाठ करायला पंधरा दिवस पुरेत. पण 'न्यायशाखा काय करते?' या प्रश्नाला 'कायदा घटनेविरुद्ध आहे का ते ठरवते' असे उत्तर पाठ करणे वेगळे आणि हा अधिकार घटनेच्या मजकुरात स्पष्ट शब्दांत लिहिलेला नसून १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो घटनेच्या रचनेतून मांडून दाखवला, हे समजणे वेगळे. पहिल्याच शनिवारी हे ऐकल्यावर मला पुस्तिकेतील ती ओळ निराळी दिसू लागली.

तिसऱ्या शनिवारी क्लॅरेन्स गिडियनचा अर्ज वर्गात आला, तो प्रसंग मी विसरणार नाही. गिडियनने फ्लोरिडाच्या तुरुंगातून जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पाठवलेल्या त्या अर्जाच्या छायाप्रती शिक्षिकांनी प्रत्येकाच्या हातात दिल्या. तुरुंगाच्या छापील, रेघा आखलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला तो मजकूर आहे. अक्षर मोठे आणि सावकाश काढलेले आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही आहेत. फ्लोरिडातील पनामा सिटी या शहरातल्या एका पूल रूममध्ये घुसून चोरी केल्याचा त्याच्यावर आरोप होता. वकील लावायला त्याच्याकडे पैसे नव्हते आणि न्यायाधीशांनी सांगितले की, फ्लोरिडाच्या कायद्यानुसार केवळ मृत्युदंडाच्या खटल्यातच सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याने स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या पेन्सिलीच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने खटला ऐकायला घेतला, त्याच्यासाठी एब फोर्टस या नामांकित वकिलाची नेमणूक केली आणि १८ मार्च १९६३ रोजी एकमताने निकाल दिला की, गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या गरीब माणसाला राज्य सरकारने वकील दिलाच पाहिजे. फेरसुनावणीत वकील मिळाल्यावर ज्यूरीने गिडियनला निर्दोष सोडले. सासूबाईंना इंग्रजी बोलणे अवघड जाते, पण त्यांनी तो कागद बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि मला म्हणाल्या, "अगं, याने एकेक अक्षर कोरून काढलंय. आपलं कुणी वाचेल, असं वाटल्याशिवाय माणूस इतकं नीट लिहीत नाही." आरोपीला वकिलाचा हक्क देणाऱ्या सहाव्या घटनादुरुस्तीवर दुसरे कोणतेही भाष्य मला त्यानंतर लागले नाही.

पाचव्या आठवड्यात झेंड्याच्या प्रतिज्ञेचा विषय होता. प्रतिज्ञा म्हणताना आपण कशाशी निष्ठा व्यक्त करतो, असा प्रश्न यादीत आहे आणि त्याचे उत्तर 'संयुक्त संस्थानांशी' किंवा 'झेंड्याशी' असे द्यायचे असते. शिक्षिकांनी हे उत्तर फळ्यावर लिहिले आणि त्याच्या शेजारी एक तारीख लिहिली: १४ जून १९४३. त्या दिवशी, म्हणजे ध्वजदिनीच आणि दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट या खटल्यात निर्णय दिला की, सार्वजनिक शाळा कोणत्याही विद्यार्थ्यावर झेंड्याला वंदन करण्याची किंवा प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती करू शकत नाही. या खटल्यातील शाळकरी मुली यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या होत्या आणि असे वंदन त्यांच्या श्रद्धेविरुद्ध होते. तीनच वर्षांपूर्वी, १९४० मध्ये, याच न्यायालयाने नेमका उलट निकाल दिला होता. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी बार्नेटच्या निकालपत्रात मांडलेला विचार असा की, राजकारण, राष्ट्रवाद, धर्म किंवा मतप्रदर्शन यांत कोणते मत अधिकृत मानायचे, हे लहान किंवा मोठा कोणताही अधिकारी ठरवू शकत नाही. निष्ठेची शपथ घ्यायला निघालेल्या माणसांना हा खटला शिकवणे, आणि तोही प्रतिज्ञेच्या प्रश्नाशेजारी ठेवून शिकवणे, ही मला या अभ्यासक्रमातील सर्वांत विचारपूर्वक केलेली मांडणी वाटली. स्वेच्छेने उच्चारलेल्या निष्ठेलाच अर्थ असतो, हे वर्गातील प्रत्येकाला त्या दिवशी पटले असावे, कारण तासानंतरही बराच वेळ कोणी उठले नाही.

त्याच आठवड्यात शाळेतही मतस्वातंत्र्य असते असे ठरवणारा, डि मॉइन शहरातील शाळकरी मुलांचा टिंकर खटला (१९६९), शाळांतील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ (१९५४) आणि अटकेतील माणसाला चौकशीआधी त्याचे हक्क सांगणे बंधनकारक करणारा मिरांडा (१९६६) हे भराभर उरकले गेले. हे खटले सर्वांना थोडेफार ठाऊक असतात म्हणून त्यांना कमी वेळ दिला, असे शिक्षिका म्हणाल्या. मला ते मान्य आहे, फक्त ब्राऊनच्या आधी १८९६ चा प्लेसी निकाल सांगायला हवा होता, कारण गोऱ्या आणि काळ्या लोकांना वेगळे ठेवणारे 'वेगळे पण समान' हे तत्त्व याच न्यायालयाने तब्बल ५८ वर्षे कसे टिकू दिले, ते कळल्याशिवाय ब्राऊनचे महत्त्व पुरते उमगत नाही.

या वर्गाने मला दिलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे 'व्यक्ती' आणि 'नागरिक' या दोन शब्दांतील भेद. परीक्षेच्या यादीत दोन्ही बाजूंचे प्रश्न आहेत: केवळ नागरिकांना असलेला एखादा हक्क सांगा, आणि या देशात राहणाऱ्या प्रत्येकाला असलेले हक्क सांगा. जुन्या यादीत असे दोन हक्क सांगायचे असतात, नव्या यादीत तीन. केंद्रीय निवडणुकीत मतदान करणे आणि केंद्रीय पदासाठी उभे राहणे नागरिकांपुरते आहे. भाषण, धर्मपालन, सभा भरवणे आणि सरकारकडे दाद मागणे हे सर्वांचे आहे. शिक्षिकांनी चौदाव्या घटनादुरुस्तीचा पहिला परिच्छेद आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि प्रत्येक ठिकाणी आलेल्या 'नागरिक' शब्दाखाली निळी व 'व्यक्ती' शब्दाखाली लाल रेघ मारायला लावली. नागरिक कोण, हे पहिल्या वाक्यात सांगितले आहे. पण कायद्याची योग्य प्रक्रिया आणि कायद्याचे समान संरक्षण या दोन्ही गोष्टी 'कोणत्याही व्यक्ती'ला दिलेल्या आहेत. सान फ्रान्सिस्कोतील चिनी धोबीखान्यांना परवाने नाकारले जात होते, त्यावरील यिक वो विरुद्ध हॉपकिन्स या १८८६ च्या खटल्यात न्यायालयाने हेच म्हटले की, हे संरक्षण परदेशी माणसालाही आहे. मी या देशात अनेक वर्षे ग्रीन कार्डावर राहिले आणि या सर्व काळात, आपले हक्क नागरिकत्व मिळाल्यावर सुरू होणार, अशीच माझी समजूत होती. त्या लाल रेघांनी ती दूर केली.

वॉन्ग किम आर्कचा खटला याच तासाला जोडून आला. १८७३ च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा स्वयंपाकी १८९५ मध्ये चीनमधून परतला, तेव्हा त्याला अमेरिकेत उतरू दिले गेले नाही, कारण चिनी माणसांना नागरिक होण्याची मुभा नव्हती आणि त्याचे आईवडील चिनी होते. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, येथे जन्मलेला तो जन्मानेच नागरिक आहे. जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणाऱ्या जानेवारी २०२५ मधील अध्यक्षीय आदेशानंतर हा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेल्यामुळे वर्गात या खटल्यावर पुष्कळ प्रश्न आले. शिक्षिकांनी कोणत्याही पक्षाची बाजू न घेता चौदाव्या घटनादुरुस्तीतील 'अधिकारक्षेत्राच्या अधीन' या शब्दांचा अर्थ बहुमताने आणि विरोधी न्यायमूर्तींनी कसा वेगवेगळा लावला, ते शांतपणे समजावून सांगितले. असा संयम मला फार मोलाचा वाटतो.

आता उणिवा. पहिली उणीव माझ्या मनाला लागलेली आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहिते. नागरिकत्वाच्या वर्गात ज्यांना नागरिकत्व नाकारले गेले त्यांची हकीकत यायला हवी, आणि भारतातून आलेल्यांसाठी ती हकीकत म्हणजे भगतसिंग थिंद यांची. वर्गात निम्मी माणसे दक्षिण आशियातील असूनही अभ्यासक्रमात ती नव्हती. १७९० च्या कायद्याने केवळ 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना नागरिक होण्याची मुभा दिली होती आणि १८७० मध्ये तीत आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. थिंद पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेले. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला न्यायालयाने सांगितले की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही ते नाही. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, मानववंशशास्त्रज्ञांच्या मते आपण कॉकेशियनच आहोत असे थिंद यांनी दाखवले, तेव्हा त्याच न्यायालयाने त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांच्या लेखणीतून सांगितले की, शास्त्र काय म्हणते ते महत्त्वाचे नाही, सर्वसामान्य माणूस 'गोरा' कोणाला समजतो ते महत्त्वाचे. या निकालानंतर आधी मिळालेली नागरिकत्वेही सरकारने काढून घ्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातील वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही अशी कारवाई झाली. त्यांनी स्वतःचा खटला लढवला आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. भारतीयांना नागरिक होण्याचा मार्ग १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने मोकळा झाला आणि वंशाची अट पूर्णपणे १९५२ मध्ये गेली. मी हे शिक्षिकांना सांगितल्यावर त्यांनी पुढच्या शनिवारी मला पंधरा मिनिटे दिली आणि स्वतः मागच्या बाकावर बसून टिपणे घेतली. त्यांच्या या मोठेपणाची नोंद करायलाच हवी. तरीही हा विषय विद्यार्थ्याने सुचवल्यावर नव्हे, तर मुळातच अभ्यासक्रमात असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी उणीव व्यवहारातली आहे आणि तिने आमचे थोडे नुकसानही केले. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. पहिल्या दिवशी वर्गात त्यांना सांगण्यात आले की, ६५ च्या वर वय असल्याने तुम्हाला फक्त २० प्रश्नांची छोटी यादी करायची आहे. ही सवलत वयाबरोबरच ग्रीन कार्ड मिळून किमान २० वर्षे झालेल्यांनाच आहे आणि सासूबाईंची १६ वर्षे झाली आहेत. त्यांना लागू होते ती दुसरी सवलत: वय ५५ किंवा त्याहून अधिक आणि ग्रीन कार्डाची १५ वर्षे पूर्ण असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ आणि नागरिकशास्त्राची परीक्षा आपल्या भाषेत, स्वतः नेलेल्या दुभाष्यामार्फत, पण प्रश्नांची यादी मात्र पूर्ण. हे आमच्या लक्षात येईपर्यंत चार आठवडे गेले होते. ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांनी या अटी अर्जाच्या सूचनापत्रातून स्वतः वाचून घ्याव्यात, वर्गातील तोंडी माहितीवर विसंबू नये. वाटण्यात आलेली छापील पुस्तिकाही जुन्या १०० प्रश्नांची होती आणि नव्या यादीच्या झेरॉक्स प्रती सातव्या आठवड्यात आल्या.

मुलाखतीची तयारी हा भाग तर फारच अपुरा आहे. प्रत्यक्ष मुलाखतीत बराच वेळ एन-४०० मधील तुमच्याच उत्तरांवर जातो: परदेशप्रवास, कर, कधी मतदारयादीत नाव नोंदवले होते का, कधी स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणवले होते का. अर्जातील अवघड शब्दाचा अर्थ अधिकारी मध्येच विचारू शकतो. या वर्गात सरावाची मुलाखत फक्त शेवटच्या शनिवारी झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे आली. अर्जातील खोटे विधान पुढे नागरिकत्वावर बेतू शकते, पण ते विधान नागरिकत्व मिळण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असावे लागते, असे सांगणारा मास्लेन्याक खटल्याचा २०१७ चा निकाल अशा सरावाबरोबर सहज शिकवता आला असता. त्याऐवजी अफ्रोइम विरुद्ध रस्क (१९६७) शिकवला गेला, ज्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, नागरिकाने स्वतःहून सोडल्याशिवाय सरकार त्याचे नागरिकत्व हिरावून घेऊ शकत नाही. तो महत्त्वाचा आहेच, पण अर्ज भरणाऱ्याला दोन्ही माहीत हवेत.

भाषेचा प्रश्न वर्गाच्या आवाक्याबाहेरचा होता, तो आम्ही घरी सोडवला. मराठीतून परीक्षा द्यायची तर प्रश्नोत्तरे मराठीत हवीत आणि दुभाषी ऐनवेळी कोणता शब्द वापरेल, ते आधी ठरलेले बरे. म्हणून दुभाषी म्हणून येणाऱ्या माझ्या नणंदेला बरोबर घेऊन आम्ही १२८ प्रश्न एका वहीत मराठीत उतरवले. 'बिल ऑफ राइट्स'ला हक्कांची सनद, 'रूल ऑफ लॉ'ला कायद्याचे राज्य हे लगेच जमले. 'चेक्स अँड बॅलन्सेस'वर तीन संध्याकाळी गेल्या आणि शेवटी 'सत्तेच्या शाखांचा एकमेकींवर अंकुश' यावर एकमत झाले. जुन्या पुस्तिकेत घटनेचे पहिले तीन शब्द कोणते, असा प्रश्न आहे; इंग्रजीत ते 'वी द पीपल' असे आहेत. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही लोक. हे तर दोनच झाले, तिसरा कुठला?" मराठीत तिसरा शब्द नाहीच. नव्या यादीत सुदैवाने शब्द मोजायचे नसून त्यांचा अर्थ विचारला आहे आणि त्याचे उत्तर त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिले आहे: लोकांनी आपला कारभार आपणच चालवणे.

माझी मुलाखत मार्चअखेर झाली आणि पहिल्या सहा प्रश्नांतच नागरिकशास्त्राचा भाग संपला. त्यांत चौदाव्या दुरुस्तीशी नाते सांगणारा एकच प्रश्न होता. सासूबाईंची तारीख अजून यायची आहे. केवळ उत्तीर्ण व्हायचे असेल, तर अधिकृत यादी आणि घरचा सराव पुरेसा आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. ज्यांना इंग्रजी बोलण्याची भीती वाटते, त्यांनी या वर्गाच्या जोडीने संभाषणाचा वेगळा वर्ग शोधावा. बाकी ज्यांच्याकडे दहा शनिवार मोकळे आहेत, त्यांनी नाव जरूर नोंदवावे. पुढचा वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होणार असून त्यात सहावा शनिवार थिंद खटल्यासाठी राखून ठेवल्याचे शिक्षिकांनी मला कळवले आहे. नोंदणी करतानाच नव्या परीक्षेची पुस्तिका मागून घ्या.